दोन चाव्यांचं कुलूप

मित्रांनो, मला उचलायचं तर एका हाताने जमत नाही. मुद्देमालाच्या खोलीत आणलं त्या दिवशी शिपाई मला टेबलावर आपटून म्हणाला, "कुलूप आहे का वरवंटा?" राग आला, पण खोटं बोलत नव्हता बिचारा. पितळेचं धिप्पाड अंग, अंगठ्याएवढी जाड कडी आणि पोटावर एकाच्या जागी चाव्यांची दोन भोकं, असलं जुनं कुलूप तुम्हीही पाहिलं नसेल. ते मी. मुद्देमाल म्हणजे गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या वस्तू. माझ्या एका अंगाला कुणाचा तरी फुटका मोबाइल आहे, दुसऱ्या अंगाला गंजका कोयता. उभ्या जन्मात कुणाचा खिळासुद्धा चोरला नाही आणि म्हातारपणी हा शेजार! पण मी इथे का आलो ते तुम्हाला सांगायलाच हवं. तुम्ही लहान आहात म्हणून तर जास्तच सांगायला हवं.

माझा जन्म अलीगढचा. कुलुपांचंच शहर ते. माझा उस्ताद तापट होता, खोकत खोकत काम करायचा आणि मधूनच मला शिव्या घालायचा. त्याने माझ्या पोटात दोन खटके बसवले, एकमेकांशी अबोला धरलेले. एक चावी फिरवली की तिचा खटका सरकायचा आणि मी ढिम्म. दुसरीही फिरली की मगच कडी सुटायची. पहिल्यांदा ती सुटली तेव्हा उस्तादाने मला गोंजारलं आणि म्हणाला, "दो मालिक, मतलब कोई मालिक नहीं." मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. मग त्याने मला गोणपाटात गुंडाळलं आणि मी आगगाडीत चढलो.

माझी तरुणपणाची सगळी वर्षं युद्धनौकेवर गेली. दारूगोळ्याच्या कोठाराला मी लागलो होतो. काय तो रुबाब! रोज सकाळी एक खलाशी मला चिंचेने घासायचा, तेलाचा थेंब द्यायचा आणि मी असा लखलखायचो की येणारा-जाणारा माझ्यात तोंड बघून टोपी सारखी करायचा. माझी एक चावी कॅप्टनसाहेबांकडे असे, दुसरी तोफखान्याच्या अधिकाऱ्याकडे. नियम एकच होता आणि तो कडक होता. चावी कुणी कुणाला द्यायची नाही. चावीबरोबर माणूसच जायचा.

एकदा कॅप्टनसाहेबांचं डोकं फिरलं होतं. कशावरून ते मला कळलं नाही, वरच्या डेकवरच्या गोष्टी कोठारापर्यंत येत नाहीत. रागाने लाल होऊन ते माझ्यासमोर उभे राहिले आणि त्या तरुण अधिकाऱ्याला म्हणाले, "तुझी चावी दे इकडे." अधिकाऱ्याने सलाम ठोकला. म्हणाला, "सर, चावी देता येणार नाही. मी स्वतः इथे आहे. कशासाठी उघडायचं ते सांगा, पटलं तर माझ्या हाताने फिरवतो." कॅप्टनसाहेब पाय आपटत निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांदेखत त्याची पाठ थोपटली. त्या दिवशी मला माझ्या जन्माचा अर्थ कळला, असं म्हणालो तर ते खरंच आहे.

पण नौकाही म्हाताऱ्या होतात. आमची नौका मोडीत निघाली, तिच्या पत्र्यांबरोबर मीही निघालो आणि येऊन पडलो कळंबोलीच्या एका भंगारवाल्याच्या ढिगात. वर पाऊस, खाली चिखल, अंगावर गंजलेल्या सळया. ज्याच्याकडे बघून लोक टोप्या सारख्या करत त्याच्यावर आता कावळे बसत होते. चाव्या तेवढ्या एका तारेने माझ्या कडीला बांधलेल्या होत्या. रडू यायचं, पण पितळेला कसलं रडू!

तिथे मला अमजदभाईंनी बघितलं. अमजद पनवेलचे, नेव्हीत तोफखान्यावर नोकरी करून निवृत्त झालेले. तळोज्याच्या एका रसायनांच्या कंपनीत ऑपरेटर होते. कंपनीचं नाव विचारू नका, केस चालू आहे. अमजदभाई पाइपाचे तुकडे बघायला आले होते. त्यांनी मला ओळखलं, मातीतून काढलं, स्वतःच्या शर्टाने पुसलं आणि भंगारवाल्याला म्हणाले, "याला वजनावर विकतोस? तोबा, तोबा!" घरी नेऊन त्यांनी मला खोबरेल तेलात बुडवून ठेवलं. दोन्ही खटके सुटले तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून दाखवलं.

आता कंपनीत माझं काम काय होतं ते नीट ऐका. तिथे क्लोरीन नावाचा पिवळसर हिरवा वायू वापरत. नाकात गेला तर घसा जाळतो, जास्त गेला तर माणूस कोरड्यावर बुडून मरतो. हवेपेक्षा जड, म्हणून वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटत जातो. उरलेला वायू एका उंच टॉवरमध्ये धुऊन काढायचे आणि मगच बाहेर सोडायचे. पण टॉवरला वळसा घालून थेट बाहेर जाणारा एक पाइपही होता. त्याला सगळे बायपास म्हणत. त्याचं चाक साखळीने बांधलेलं असे आणि त्या साखळीला मी. सरकारी तपासनीसाने दोन चाव्यांची अट घातली तेव्हा अमजदभाईंनी मला पुढे केलं होतं. कंपनीच्या मागच्या अंगाला गाव होतं. दुपारनंतर खाडीवरून वारा सुटला की तो सरळ त्या गावावर जायचा.

एक चावी मॅनेजर सबनीस साहेबांकडे होती. दुसरी आधी अमजदभाईंकडे होती. त्यांचं वय झालं, त्यांना कंत्राटावर घेतलं आणि ती चावी शिफ्ट इन्चार्ज म्हणून दीपेशकडे आली. दीपेश त्याच मागच्या गावचा. त्याच्या बापाची भातशेती या कारखान्यांखाली गेली होती आणि त्या बदल्यात पोराला नोकरी लागली होती. पोरगा हसरा, कामाला वाघ. अमजदभाईंना चाचा म्हणायचा आणि त्यांच्या डब्यातली मासळी बिनदिक्कत पळवायचा.

एकदा चहाच्या सुट्टीत ही मंडळी माझ्यापाशीच टेकली होती. दीपेश मोबाइलवर बातम्या बघत होता. दूर कुठेतरी युद्ध पेटलं होतं आणि अणुबॉम्बच्या धमक्या चालल्या होत्या.

"चाचा, ह्यं खरं हाय का? अमेरिकेच्या अध्यक्षानं एकट्यानं सांगितलं तरी बॉम्ब सुटतो?"

"खरं आहे. सल्ला घ्यायचा तर घेईल. पण परवानगी कुणाची लागत नाही त्याला."

"मंग त्या चाव्यावाल्यांचं काय? पिक्चरमदी दोघं एकदम चावी फिरवताना दाखवतात."

अमजदभाईंनी कप खाली ठेवला. "बेटा, ते दोघं एवढंच तपासतात की हुकूम खरंच त्याचाच आहे का. तो शुद्धीवर आहे का, हे तपासायचं काम त्यांना कुणी दिलेलं नाही."

दीपेश माझ्याकडे बघत म्हणाला, "म्हंजी चाव्या दोन, पन डोकं एकच! मंग कुनी नाय म्हनायचंच नाय?"

"म्हणायचं. फौजेच्या कायद्यात हुकुमाच्या आधी एक शब्द असतो, कायदेशीर. आमच्या नेव्हीत होता, तिकडेही आहे. बेकायदा हुकूम नाकारणं हीसुद्धा ड्यूटीच आहे. पण वरून हुकूम सुटलाय, विचार करायला चार मिनिटं आहेत, आणि जी लाखो माणसं मरणार ती तुला दिसतही नाहीत. अशा वेळी तोंडातून नाही निघायला कलेजा लागतो." मग ते पाइपाकडे बघून म्हणाले, "हा वायू काय कमी आहे? पहिल्या महायुद्धात खंदकांवर हाच सोडला होता. तिथेही कुणीतरी सोडा म्हणालं आणि कुणीतरी तोटी फिरवली."

"आपल्याला काय त्याचं," दीपेश हसला. "आपला आपला छोटा बायपास." सगळे हसले. मित्रांनो, मलाही हसू आलं होतं.

मग दीपेशच्या बहिणीचं, दिपिकाचं लग्न ठरलं. तुम्ही इकडची आगरी हळद बघितली असेल तर मी काय सांगू? लग्न राहिलं बाजूला, हळदीलाच सगळा गाव लोटतो. त्या दिवशी कंपनीतली निम्मी माणसं रजेवर होती. दीपेश सकाळी थोडा वेळ येऊन गेला. अंगात नवा झब्बा, कपाळाला आधीच हळद लागलेली. त्याने मला शेवटचं तपासलं, साखळी ओढून बघितली. नियमाप्रमाणे त्याने चावी दुसऱ्या जबाबदार माणसाकडे द्यायला हवी होती, मॅनेजर सोडून दुसऱ्या. अमजदभाई टॉवरवर चढले होते. त्यांना हाक मारून खाली बोलवायचं, सह्या करायच्या, तेवढा धीर कुणाला? दीपेश सबनीस साहेबांच्या केबिनमध्ये गेला आणि म्हणाला, "साहेब, आज घरी हळद हाय. माझी चावी तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. संध्याकाळी या जेवायला." सबनीस साहेबांनी चावी ड्रॉवरमध्ये टाकली आणि अभिनंदन केलं. हे मला पुढे कोर्टात कळलं. इतकं साधं झालं सगळं. कुणाला ते चुकल्यासारखंही वाटलं नाही.

दुपारी टॉवरचा पंप बंद पडला.

वायू धुतला जाईना आणि आतला दाब चढायला लागला. अमजदभाई धावत खाली आले. सबनीस साहेबही माझ्यापाशी येऊन पोचले होते. म्हणाले, "साहेब, आत जाणारा माल बंद करा, थंड पाणी चालू ठेवा. हा घाण फुकट जाईल, बाकी काही होणार नाही." घाण म्हणजे भांड्यात एका वेळी तयार होणारा माल. सबनीस साहेबांनाही ते पटत होतं, मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी कंपनीच्या मालकांना, शेठजींना फोन लावला. फोन स्पीकरवर होता, म्हणून मलाही सगळं ऐकू आलं.

"बंद? वेड लागलंय का?" शेठजी म्हणाले. "बायपास खोला. थोडा वास येईल, लोक ओरडतील, संध्याकाळपर्यंत विसरतील."

"सर, वारा गावाकडे आहे."

"सबनीस, कंपनी माझी, पाइप माझा. मी सांगतोय ना? मग तुमची जबाबदारी संपली."

फोन बंद झाला. सबनीस साहेबांनी खिशातून स्वतःची चावी काढली, ड्रॉवरमधून आणलेली दीपेशची काढली आणि माझ्यासमोर वाकले. पहाऱ्यावर असताना जन्मात पहिल्यांदा दोन्ही चाव्या मी एकाच माणसाच्या हातात बघितल्या. पहिली फिरली. दुसरी फिरली. आणि मी उघडलो.

हो, उघडलो. काय करणार होतो?

"अमजदभाई, चाक फिरवा," सबनीस साहेब म्हणाले.

अमजदभाईंनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. "साहेब, चाव्या दोन्ही तुमच्याकडे आहेत. माझे हात माझ्याकडे आहेत. मी फिरवणार नाही."

"हुकूम शेठजींचा आहे."

"शेठजींचा असो, बादशहाचा असो. तिकडे मांडवात सगळा गाव बसलाय. वर बघा जरा!" वर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी ताठ होऊन गावाकडे बोट दाखवत होती. सबनीस साहेबांनी वर बघितलं आणि मान खाली घातली. ते वाईट माणूस नव्हते हो. घरी दोन मुली होत्या, घराचे हप्ते होते, आणि फोनवर आलेला आवाज त्यांच्या कानातून जात नव्हता.

"मग उद्यापासून येऊ नका," ते पुटपुटले.

"नाही येणार," अमजदभाई म्हणाले आणि चाकाला पाठ लावून उभे राहिले. एका हाताने ते दीपेशला फोन लावत होते. घंटा वाजत होती आणि मांडवातल्या बेंजोच्या दणदणाटात ती कुणाला ऐकू येत नव्हती. साहेबांनी बोलावलेल्या गेटवरच्या रक्षकांनी त्यांना दोन्ही काखांत धरून बाजूला ओढलं. त्या ओढाताणीतच फोन लागला आणि अमजदभाई जिवाच्या आकांताने ओरडले, "दीपेश, मांडव खाली कर! वाऱ्याला आडवे पळा! ओली फडकी तोंडाला लावा, उंचावर जा!"

चाक फिरवायला कल्पेश नावाच्या कंत्राटी कामगाराला बोलावलं. त्याने अमजदभाईंकडे बघितलं, सबनीस साहेबांकडे बघितलं आणि विचारलं, "साहेब, फिरवू ना?" साहेब म्हणाले, "फिरव." त्याने फिरवलं.

पुढचं मला दिसलं नाही. ते मी इथे, साक्षीदारांच्या तोंडून ऐकलं. दीपेशने बेंजो थांबवला आणि ओरडायला लागला, तेव्हा माणसं हसली. हळदीच्या दिवशी कुणीतरी असं ओरडतंच. त्याचा काका म्हणाला, "आरं, यानं आज दुपारीच घेतली!" दीपेश हातापाया पडला, लोकांना ओढायला लागला, आणि मग वास आला. ब्लीचिंग पावडरचा, पण शंभर पटींनी. त्यानंतर कुणी हसलं नाही. तरुण पोरांनी लेकरं उचलली, दिपिका हळदीच्या अंगानेच धावली. अमजदभाईंचा फोन थोडा आधी लागला होता, म्हणून एवढी माणसं वाचली.

सखूबाई मात्र उठली नाही. सखूबाई गावची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवला, म्हणजे विधीचं गाणं, म्हणते ती. तिचं आपलं ठाम मत होतं की धवला म्हणायला घेतला की अर्ध्यावर तोडायचा नाही, नवरीला ते चांगलं नसतं. तिने दीपेशला हातानेच खूण केली, थांब, एवढा पुरा होऊ दे. तिच्या शेजारी सूर धरायला बसलेल्या दोन बायकाही तिच्यासाठी थांबल्या. त्या तिघी तिथेच गेल्या. गावात कित्येकांचे घसे अजून बसलेले आहेत. दिपिकाचं लग्न पुढे झालं म्हणे, पण धवला कुणी म्हटला नाही.

मग पोलीस आले, मला साखळीवरून काढलं आणि चिठ्ठी बांधून इथे आणलं. कंपनी चालू आहे. माझ्या जागी नवं कुलूप लावलंय, एका चावीचं. अमजदभाईंना कुणी परत कामावर बोलावलेलं नाही.

मध्ये एकदा मला कोर्टात नेलं. कंपनीच्या वकिलांनी मला उचलून दाखवलं आणि म्हणाले, "कुलूप फोडलेलं नाही. दोन्ही चाव्यांनी उघडलंय. म्हणजे नियम पाळला गेला." मित्रांनो, माझं अंग आतून जळत होतं. आपल्याच अंगाची साक्ष मारेकऱ्याच्या बाजूने जाताना ऐकायची, याहून मोठी शिक्षा दुसरी कुठली? कल्पेश म्हणाला, मला सांगितलं म्हणून फिरवलं. सबनीस साहेब म्हणाले, मला सांगितलं म्हणून उघडलं. शेठजी म्हणाले, मी तर तिथे नव्हतोच.

शेवटी दीपेश पिंजऱ्यात आला. मी त्याला ओळखलंच नाही. कंपनीच्या वकिलांनी त्याला बाहेर एक वाट सुचवली होती, ती मी ऐकली होती. चावी साहेबांनी दमदाटी करून काढून घेतली असं म्हण, सबनीसांवर जाईल, तू सुटशील, शेठजी तुझी नोकरी राखतील. न्यायाधीश बाईंनी विचारलं, "चावी तुमच्याकडून जबरदस्तीने घेतली का?"

दीपेशने मागे वळून बघितलं. मागच्या बाकावर दिपिका बसली होती. तिच्या शेजारी अमजदभाई होते.

"नाय बाईसाहेब," तो म्हणाला. "कुनी घेतली नाय. कुनी मागितली बी नव्हती. मीच देऊन आलो."

तो बाहेर गेला तेव्हा अमजदभाई उठून त्याच्या मागे गेले. बाहेर ते काय बोलले ते मला माहीत नाही.

मित्रांनो, मला तेल नको, चिंच नको, काचेचं कपाटही नको. माझी मागणी वेगळी आहे. तुम्ही उद्या मोठे व्हाल. तुमच्यातल्या कुणाच्या तरी हातात एखादी दुसरी चावी येईल, कारखान्याची, धरणाची, जहाजाची, नाहीतर त्या बॉम्बची, ज्याच्यापुढे आमचा वायू म्हणजे काहीच नाही. ती कंटाळून, घाईत, भिडेखातर कुणाला देऊ नका. आणि वरून आवाज आला तर तो कुणाचा आहे एवढंच तपासून गप्प बसू नका, तो काय सांगतोय तेही तपासा. मी पितळेचा आहे. दोन्ही चाव्या आत शिरल्या की मला उघडावंच लागतं. मला नाही म्हणता येत नाही हो. तुम्हाला येतं.